बातमीत न मावलेलं : टीव्ही पत्रकाराने लघुगद्यापासून कादंबरीपर्यंत कसं जावं

टीव्हीवरच्या बातमीचं दीड मिनिटाचं एक पॅकेज, म्हणजे तयार रिपोर्ट, घ्या आणि मोजा. बारा-बारा सेकंदांचे दोन बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे), बारा सेकंदांची पीटीसी (रिपोर्टरचं कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं). व्हीओला, म्हणजे चित्रांवर वाचायच्या मजकुराला, उरतात पन्नास-पंचावन्न सेकंद. मराठी व्हीओचा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द धरला, तर हातात साधारण १२० शब्द येतात. एवढ्यात घटना, गाव, आकडा, आरोप, उत्तर आणि पुढे काय होणार हे सगळं बसवायचं. हे काम रोज करणाऱ्या माणसाला थोडक्यात लिहायला वेगळं शिकवावं लागत नाही.

अडचण दुसरीच आहे. ते १२० शब्द चित्राच्या आधाराने उभे असतात. पडद्यावर जे दिसतंय ते व्हीओत पुन्हा सांगायचं नाही, हा टीव्हीचा पहिला धडा. कागदावर मात्र चित्र नसतं, अँकर नसतो, जागेवरचा नॅचरल साउंडही नसतो. तिथे तेच शब्द एकटे पडतात. म्हणून चॅनेलमधून कथा-कवितेकडे वळणाऱ्यांचं पहिलं लेखन बहुतेक वेळा दोनपैकी एका टोकाला जातं. एक तर ते छापील व्हीओसारखं कोरडं होतं, नाही तर कोरडेपणाच्या भीतीने विशेषणांनी ओथंबतं. या दोन्हींतून सुटायचा रस्ता लहान तुकड्यांतून जातो. आधी शंभर शब्द, मग दोन हजार, मग पन्नास हजार. हा क्रम उलटा करून थेट कादंबरीला हात घातला, की ती बहुधा विसाव्या पानावर थांबते.

आधी एक नमुना पेन्सिल घेऊन वाचा

टीव्ही पत्रकाराच्या लघुगद्याचं हिंदीतलं ठळक उदाहरण रवीश कुमार यांचं आहे. मूळचे बिहारमधल्या मोतिहारीकडचे, अनेक वर्षं एनडीटीव्ही इंडियावर काम केलेले, २०१९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेले पत्रकार. त्यांनी फेसबुकवर लघु प्रेमकथा लिहिल्या. त्या कथांना ‘लप्रेक’ (लघु प्रेम कथा) हे नाव पडलं आणि २०१५ मध्ये राजकमल प्रकाशनाने ‘इश्क़ में शहर होना’ या नावाने त्या पुस्तकरूपात आणल्या, विक्रम नायक यांच्या रेखाटनांसह. पुढे याच मालिकेत गिरीन्द्रनाथ झा आणि विनीत कुमार यांची पुस्तकं आली. रवीश यांच्या पुस्तकाचा अखिल कात्याल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये निघाला.

यातले कोणतेही दहा तुकडे घ्या. प्रत्येकात तीन खुणा करा: बोललेली वाक्यं किती, जागेचं नाव कुठे येतं, शेवटचं वाक्य नेमकं काय करतं. दहाव्या तुकड्यापर्यंत रचना हाताला लागते. माणसं दोन, बहुतेकदा बिननावाची. जागा मात्र नावानिशी, दिल्लीतली आणि सार्वजनिक. याला कारण आहे. लहान गावातून महानगरात आलेल्या दोघांना बसून बोलायला खोली नसते. त्यामुळे मेट्रो, रस्ता, बसस्टॉप ही नुसती पार्श्वभूमी राहत नाही, तीच अडचण होते आणि तीच आसरा होते. शहराच्या बातम्या करणाऱ्या माणसाला कुठे पोलीस हटकतो, कुठे पाणी भरतं, कोणत्या वस्तीत घर कोणाला भाड्याने मिळत नाही हे ठाऊक असतं. त्या माहितीचं भाष्य न करता तिचा प्रसंग केला, हे या लेखनाचं खरं बळ. नवख्या लेखकाने उचलायची गोष्ट ही आहे. दिल्लीची प्रेमकथा तशीच्या तशी पुण्यात आणली तर हाती काही येत नाही.

मराठीत लघुरूपांची स्वतःची वाट आहेच. हायकू ही तीन ओळींची जपानी कविता मराठीत रुजवणाऱ्या शिरीष पै दैनिक ‘मराठा’त काम केलेल्या होत्या. त्यांचे हायकू शेजारी ठेवून वाचा. दोन चित्रं जवळजवळ ठेवायची आणि मधला धागा वाचकावर सोडायचा, ही गोष्ट एडिटिंग टेबलावर दोन शॉट जोडणाऱ्या माणसाला लवकर कळते.

साठा: शिफ्ट संपल्यावरच्या तीन ओळी

दृश्य कॅमेऱ्याच्या कार्डात रेकॉर्ड होतं, म्हणून रिपोर्टर ते लक्षात ठेवत नाही. वर्षभराने त्याला फक्त बातमीची हेडलाइन आठवते. त्यावर उपाय म्हणजे एक छोटी वही, फोनमधली नको. फोनवर त्याच वेळी असाइनमेंट डेस्कचे मेसेज येत असतात.

शिफ्ट संपल्यावर वीस मिनिटांच्या आत तीन नोंदी करा. एक आवाज. कोणाच्या तरी हातातली एक वस्तू किंवा हाताची एक हालचाल. कॅमेरा सुरू होण्याआधी किंवा बंद झाल्यावर बोललं गेलेलं एक वाक्य. बस, एवढंच. ठिकाण आणि वेळ मात्र लिहायची. महिन्याभरात नव्वदच्या आसपास नोंदी होतात आणि त्यातल्या आठ-दहा पुढे उपयोगी पडतात. हे प्रमाण नेहमीचं आहे, त्याने खचू नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वहीत मुद्दा लिहिणं. ‘अवकाळीने द्राक्षबागा उद्ध्वस्त, शेतकरी हवालदिल’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण ती तुमच्या स्क्रिप्टमध्ये आधीच आहे. ‘निफाड, दुपार. बाईट द्यायच्या आधी आजोबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं’ ही नोंद कथेची आहे. का लावलं, हे वहीत लिहू नका. ते माहीत नसणं हेच कथा लिहायचं कारण असतं.

नोंदींबरोबर न वापरलेले बाईटही पाहा. सहा-सात मिनिटांच्या बोलण्यातून आपण बारा सेकंद घेतो. उरलेलं ऐकून शब्दशः कागदावर उतरवा, अडखळणं आणि अर्धवट सोडलेली वाक्यं यांसकट. हा संवादलेखनाचा सराव आहे. ते बोलणं जसंच्या तसं पुस्तकात घालायचं नाही. कॅमेरा बंद असताना विश्वासाने सांगितलेलं तर नाहीच नाही.

भाषेतलं बुलेटिन काढून टाका

चॅनेलमधल्या मराठीला काही टेकू लागलेले असतात. लाइव्हमध्ये विचार करायला वेळ मिळावा म्हणून ते आले आणि मग लिहिण्यातही घुसले. आपला कोणताही पहिला खर्डा घ्या आणि हे शब्द शोधून खोडा: ‘या ठिकाणी’, ‘पाहायला मिळतंय’, ‘असल्याचं समोर आलंय’, ‘दरम्यान’, ‘तर दुसरीकडे’, ‘एकच खळबळ’, ‘चर्चांना उधाण’, ‘संतप्त प्रतिक्रिया’, ‘आक्रमक पवित्रा’. ‘या ठिकाणी’ काढलं की बहुतेक वाक्यांचं काहीच बिघडत नाही. याचा अर्थ ते तिथे कधी नव्हतंच.

‘करण्यात आलं’ याकडे मात्र जास्त लक्ष द्या. ‘झोपड्या पाडण्यात आल्या’ या वाक्यात पाडणारा माणूस गायब आहे. बातमीत कधी कधी ते कायद्याच्या दृष्टीने सोयीचं असतं. कथेत पाडणाराच हवा असतो: जेसीबीचा ड्रायव्हर कोण, त्याने जेवण कुठे केलं, सावलीत उभा राहून तो कोणाशी बोलत होता. खर्ड्यातली सगळी ‘करण्यात’ अधोरेखित करा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता परत आणा. एवढ्या एका दुरुस्तीने कितीतरी कथा जाग्या होतात.

दुसरी सवय काळाची. हेडलाइन अनेकदा वर्तमानकाळात असते: ‘पूल कोसळला’ ऐवजी ‘पूल कोसळतो तेव्हा...’. सगळी कथा या वर्तमानकाळात लिहिली की ती धापा टाकते. पहिले वीस तुकडे साध्या भूतकाळात लिहा.

तिसरी सवय साइन-ऑफची. पीटीसीच्या शेवटी ‘आता प्रशासन याकडे लक्ष देणार का, हेच पाहावं लागेल’ म्हणून सुटायचं असतं. कथेच्या शेवटी तेच वाक्य वेश बदलून येतं: ‘आणि ती रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली.’ खर्डा पूर्ण झाला की शेवटचं वाक्य झाकून वाचा. दहापैकी सात वेळा आधीच्या वाक्यावरच तुकडा संपलेला असतो.

पहिला तुकडा: शंभर शब्द

वहीतली एक नोंद निवडा आणि या क्रमाने जा.

बातमीचा विषय कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एका शब्दात लिहा. तो शब्द तुकड्यात वापरायचा नाही. मग दोन माणसं ठरवा आणि त्यांच्यातली एक गोष्ट, जी एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. जागा एकच ठेवा, नाव असलेली. एक वस्तू अशी निवडा जिच्यावर प्रसंग फिरेल. आता न थांबता दीडशे-पावणेदोनशे शब्द लिहा, एक दिवस बाजूला ठेवा आणि शंभरच्या आत आणा. आधीच शंभर लिहायला बसलात तर कापायला काही उरत नाही आणि तुकडा सांगाड्यासारखा होतो.

समजा, कोपऱ्यातला शब्द आहे ‘पाऊस’. जागा परळची हिंदमाता, जिथे जोराच्या पावसात पाणी साचतं आणि ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) येते. माणसं म्हणजे रिपोर्टर आणि ती. वस्तू म्हणजे शर्टाचं बटण.

‘पाणी छातीपर्यंत आलंय,’ असं सांगून त्याने स्टुडिओकडे सोपवलं. लगेच तिचा फोन.
‘गुडघे वाकवून उभा आहेस.’
‘कशावरून?’
‘तिसरं बटण बुडलंय. आपण तिथेच अडकलो होतो तेव्हा पाणी तुझ्या पट्ट्याला लागलं होतं. बटण माझं बुडालं होतं.’
तो सरळ उभा राहिला. पाणी पट्ट्यापर्यंत उतरलं.
‘आता?’
‘आता बरोबर.’
‘तू टीव्ही बघतेस अजून?’
‘पाणी साचलं की.’
कॅमेरामन ओरडला, ‘अरे, खाली बस, पुन्हा लाइव्ह घेतायत!’

साठच्या आसपास शब्द आहेत. यात काय ठेवलं आणि काय काढलं ते पाहा. त्यांचं नातं तुटलं आहे, हे कुठेही सांगितलेलं नाही. ‘अजून’ या शब्दाने ते कळतं. उंचीतला फरक बटण आणि पट्टा यांतून येतो. ‘तिच्या डोळ्यांतही पाऊस होता’ असं वाक्य अशा खर्ड्यात हटकून येतं, ते पहिल्यांदा काढायचं. रिपोर्टर वाकून उभा राहतो ही धंद्यातली माहिती आहे. तिच्यावर टीका करत बसलं तर तुकड्याचा लेख होतो. इथे ती फक्त दोघांना जवळ आणायच्या कामी येते. शेवट कॅमेरामनच्या तोंडी आहे, कारण त्या दोघांपैकी कोणीही बोललं असतं तर समारोप झाला असता.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. चाचणी सोपी आहे: तुकडा व्हीओच्या आवाजात, ठरलेल्या शब्दांवर जोर देत सहज वाचता आला, तर तो अजून बातमीच आहे. जिथे तो आवाज लावताच येत नाही, तिथून कथा सुरू झाली.

असे तीस तुकडे लिहून होईपर्यंत एकही कुठे टाकू नका. पहिल्या पाच-सहांना मिळणारं कौतुक पुढच्या पंचवीसांना एकाच साच्यात बसवतं. ज्या प्रकारच्या शेवटाला दाद मिळाली, तोच शेवट पुन्हा पुन्हा येऊ लागतो.

हायकू, चारोळी, अलक: प्रत्येकाचा खड्डा वेगळा

हायकूत जपानी मोजणी पाच-सात-पाच अशी आहे. मराठीत अक्षरं मोजत बसण्यापेक्षा तीन ओळी, दोन चित्रं आणि त्यांच्यामधलं अंतर सांभाळा. उदाहरणार्थ:

कॅमेरे गेले
अंगणातल्या मातीत
ट्रायपॉडचे तीन खड्डे

चौथी ओळ सुचेल: ‘आणि तिचा रिकामा झोका’. ती लिहू नका. मृत्यू, घर, आई यांपैकी एकही शब्द न घेता जे उभं राहिलंय ते त्या ओळीने पडतं.

चंद्रशेखर गोखले यांनी चारोळी घरोघरी पोचवली. तिच्यात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक वाचकाला पुढे खेचतं. टीव्ही पत्रकारांसाठी हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण चौथी ओळ आपोआप टाळीची होते आणि हेडलाइनमध्ये यमक जुळवायची सवय डेस्कवर आधीच लागलेली असते. यमक आधी ठरवून मग तीन ओळी भरल्या की चारोळी पोकळ होते. म्हणून चौथी ओळ पहिल्यांदा बिनयमकाची लिहा. तशी ती तग धरत असेल तरच यमकाकडे वळा.

अलक, म्हणजे अति लघुकथा, व्हॉट्सअॅपवर खूप फिरते. तिचा खड्डा म्हणजे धक्का. शेवटच्या ओळीत कळतं की तो मेलेला होता, पत्र तिनेच लिहिलं होतं, भिकारी म्हणजे वडील होते. असा धक्का एकदा बसतो. दुसऱ्यांदा वाचताना तुकड्यात काही उरत नसेल तर तो संग्रहात ठेवू नका.

दोन हजार शब्दांची कथा

इथे फार थांबायला नको, पण ही पायरी चुकवूही नका. दीड ते अडीच हजार शब्दांची कथा लिहिताना एक नवीन गोष्ट शिकावी लागते: वेळ जाऊ देणं. तुकड्यात क्षण असतो. कथेत माणूस चहा ठेवतो, वाट पाहतो, विसरतो. तीस तुकड्यांतले असे चार-पाच निवडा ज्यांतला माणूस एकच असू शकेल. ते एकामागोमाग चिकटवू नका. एक तुकडा कथेचा मध्य म्हणून ठेवा आणि बाकीच्यांतली माहिती त्याच्या आजूबाजूला विरघळवा. अशा चार-पाच कथा हाती असल्या की दिवाळी अंकांकडे जा. संपादक साधारण जून-जुलैपासून मजकूर ठरवू लागतात. गणपतीनंतर पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. बहुतेक अंकांना अप्रकाशित कथा हवी असते, म्हणून तिथे द्यायची कथा आधी समाजमाध्यमांवर टाकू नका.

कादंबरी: रनडाऊन म्हणजे कथानक नव्हे

रनडाऊन म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम. पत्रकाराच्या कादंबरीचा नेहमीचा आजार म्हणजे ती लांबलेली मालिका होते. प्रकरण एक: घोटाळा. प्रकरण दोन: आरोप. प्रकरण तीन: चौकशी. घटना खऱ्या वाटतात, पण पुढचं पान उलटावंसं वाटत नाही. याचं कारण असं की बातमीत ‘पुढे काय झालं’ हा प्रश्न पुरतो, तर कादंबरीत ‘या माणसाला काय हवंय आणि त्यासाठी तो काय सोडेल’ हा प्रश्न लागतो.

एक उदाहरण घेऊन बांधणी पाहू. मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. लाउडस्पीकर बंद, सभा बंद. चॅनेलच्या दृष्टीने हा कोरडा काळ, आणि खरं निवडणुकीचं काम याच काळात घराघरांत चालतं. कादंबरीला हा तयार काळ आहे: सुरुवात, शेवट आणि घड्याळ, तिन्ही त्यात आहेत. नायक तालुक्याचा स्ट्रिंगर घ्या. त्याला पगार नाही, बातमीमागे पैसे मिळतात आणि तेही थकलेले. त्याचा मेहुणा, म्हणजे बहिणीचा नवरा, एका उमेदवाराच्या कार्यालयात कामाला. पहिल्या रात्री स्ट्रिंगरच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ येतो, ज्यात मेहुणा दिसतो. तो व्हिडिओ डेस्कला जातो की नाही, एवढ्या प्रश्नावर दोनशे पानं उभी राहू शकतात. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे वाचकाला सांगायचीही गरज नाही.

आता कार्डं करा. एका कार्डावर एक प्रसंग आणि चारच गोष्टी: जागा-वेळ, कोणाला काय हवंय, आड काय येतं, प्रसंगानंतर काय बदललं. चौथी जागा रिकामी राहत असेल तर ते कार्ड फाडा. तो प्रसंग किती खरा आहे, तुम्ही स्वतः तिथे होतात का, याने काही फरक पडत नाही. पन्नास कार्डं आणि प्रत्येकी हजार-अकराशे शब्द धरले तर पन्नास-पंचावन्न हजार शब्द होतात. डेमी आकारात साधारण दोनशे पानांचं पुस्तक. शिफ्टची नोकरी सांभाळून आठवड्यातले पाच दिवस चारशे शब्द जमवले, तर आठवड्याला दोन हजार होतात आणि पहिला खर्डा सहा-सात महिन्यांत हातात येतो. ब्रेकिंगच्या आठवड्यात काहीच होणार नाही, तो हिशेब आधीच धरा. शक्यतो शिफ्टच्या आधी लिहा. बुलेटिन संपल्यावर डोक्यात बुलेटिनचीच मराठी घुमत असते.

वीस हजार शब्दांच्या आसपास लेखन अडतं. पत्रकारांच्या बाबतीत कारण जवळपास ठरलेलं आहे: माहीत असलेली बातमी संपलेली असते. अशा वेळी आणखी घटना घुसडू नका. मागे जाऊन पाहा, कोणत्या पात्राला अजून एकही इच्छा दिलेली नाही. वरच्या उदाहरणात ती बहुधा बहीण असेल, जिचा एक जण भाऊ आहे आणि दुसरा नवरा. तिला आतापर्यंत फक्त चहा आणायला लावलं असेल, तर कादंबरी तिथेच अडली आहे.

संवादात बाईट शिरतात, हा दुसरा दोष. पात्रं पूर्ण वाक्यात, प्रश्नाला धरून, मुद्देसूद बोलू लागतात. खऱ्या घरात ‘पैसे कुठून आले?’ याला ‘जेवलास का?’ असं उत्तर मिळतं. संवादाचं एक पान घ्या आणि प्रश्नाला थेट दिलेली उत्तरं मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर पान पुन्हा लिहा. तालुक्याची बोली आणताना प्रत्येक शब्द वाकवू नका. क्रियापदांची रूपं आणि हाक मारायची पद्धत नेमकी असली की पुरतं: कोण कोणाला ‘भाऊजी’ म्हणतो, कोण ‘दाजी’, ‘अहो’ कुठे तुटतं आणि ‘अरे’ कुठे सुरू होतं.

तिसरा दोष सर्वज्ञ रिपोर्टरचा. नायक पत्रकार असला की तो नेहमी बरोबर ठरतो, सगळं बघतो आणि त्याचं स्वतःचं काहीच जात नाही. अशा नायकाला किंमत मोजायला लावा. पत्रकार अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्या या कामासाठी पुन्हा वाचाव्यात. १९७९ चा जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट या दोन्हींवर बेतलेला होता. वृत्तपत्रातल्या माणसाला सत्तेच्या आतली हालचाल ठाऊक होती, आणि ती त्याने त्या वर्षीच्या नेत्यांची नावं न घेता काल्पनिक मुख्यमंत्री आणि काल्पनिक डावपेच यांतून उभी केली. म्हणूनच ते राजकारण आजच्या वाचकालाही लागू पडतं. खरी नावं घातली असती, तर तळटीपा लागल्या असत्या.

कायदा आणि करार, लिहायला बसण्याआधी

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३ लागतं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गाव, शाळा, वडिलांचा धंदा आणि घटनेचा महिना एकत्र आले की नाव बदलूनही अख्खा तालुका ओळखतो. वय, धंदा, तालुका, कुटुंबातली माणसं, वर्ष यांपैकी निदान तीन गोष्टी बदला. त्या बदलल्यावर कथा कोसळत असेल तर ती अजून वृत्तांतच आहे असं समजा. बदनामीसाठी कलम ३५६ आहे. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ हे पहिल्या पानावरचं वाक्य ओळखू येणाऱ्या माणसापासून पुरेसं संरक्षण देत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या दारात तुम्ही बूम (चॅनेलचा माईक) घेऊन गेलात त्याला तुमच्या पुस्तकातून दुसऱ्यांदा उघडं पाडू नका.

नोकरीचा करार वाचा. बाहेर लेखन करायला पूर्वपरवानगीची अट बऱ्याच ठिकाणी असते. परवानगी ईमेलवर घ्या, तोंडी नको. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मालकाकडे जातो. म्हणून स्क्रिप्टमधली वाक्यं, चॅनेलचं फुटेज किंवा त्याच्या फ्रेम्स पुस्तकात वापरू नका. कादंबरीचा खर्डा ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका.

समाजमाध्यमांवर, मग प्रकाशकाकडे

तीस तुकड्यांतले दहा निवडून आठवड्याला एक या गतीने टाका. एक्सवर मोफत खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस शब्दच मावतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० अक्षरं चालतात, म्हणजे साधारण तीन-साडेतीनशे शब्द. लेखकाचं नाव गाळून मजकूर पुढे ढकलला जाणारच. त्यावर भांडत बसण्यापेक्षा मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा.

संग्रह करायचा असेल तर शंभरातले चाळीस-पन्नास ठेवा. एका पानावर एकच तुकडा, आणि एकसारखे शेवट असलेले तुकडे लांब लांब. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं, म्हणून ९६ किंवा ११२ पानांचा आराखडा धरून निवड केली की शेवटी कोरी पानं भरायला कमकुवत मजकूर घालावा लागत नाही. चित्रं घेणार असाल तर चित्रकाराला तुकडा समजावून सांगू नका आणि जे लिहिलंय तेच काढायला लावू नका. व्हीओने चित्र दुहेरी करू नये, हा जुना नियम इथे उलट बाजूने लागू होतो.

कादंबरीसाठी प्रकाशकाला पाचशे शब्दांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, एकूण शब्दसंख्या आणि चार ओळींचा परिचय पाठवा. सारांशात शेवटही सांगा. तिथे उत्कंठा ठेवणं म्हणजे संपादकाचा वेळ घेणं. टीव्हीवरचा चेहरा असल्याने काही जण हस्तलिखित न वाचताच होकार देतील. अशा वेळी संपादन कोण करणार हे स्पष्ट विचारा. करारात आवृत्तीच्या प्रती, मानधनाची टक्केवारी, हिशेबाची तारीख आणि मुदत लिहून घ्या. ऑडिओ, अनुवाद आणि वेबसीरिजचे हक्क वेगवेगळे नोंदवा. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या ओळीखाली सही करू नका. आवाज कमावलेल्या माणसाच्या पुस्तकाला ऑडिओत मागणी असू शकते, आणि तो हक्क बहुतेक जण न वाचताच देऊन टाकतात.

शेवटचं काम मुद्रितांचं, म्हणजे प्रूफांचं. फाइल युनिकोडमध्येच द्या. अक्षरजुळणीच्या जुन्या फॉण्टमध्ये ती बदलली जाते तेव्हा ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो आणि अवतरणचिन्हं उलटी होतात. मुद्रितं आली की आधी फक्त ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘शेतकऱ्या’ असे शब्द शोधत एक फेरी मारा. दुसऱ्या फेरीत संवादांची अवतरणचिन्हं पाहा. तिसरी फेरी वाचनाची, आणि ती कागदावरच करा, पडद्यावर नको.